‘केचित्’ म्हणजे कोण?

पाच वर्षे खपून सिद्ध केलेला ग्रंथ प्रकाशकाच्या हाती सोपवताना लेखकाला कृतार्थ वाटते, असे मी ऐकून होतो. मला शिसारी आली. प्रथम प्रकाशकाची आली, मग त्याच्या पत्रांची, मग ज्या यंत्रावर ती पत्रे उमटत त्या निर्जीव यंत्राचीही. सत्त्याहत्तराव्या वर्षी, त्रिकाळ संध्या करणाऱ्या माणसाने इतकी किळस मनात बाळगू नये हे मला कळते. पण झाले ते असे झाले.

माझे घर पेणला. वेदपाठशाळेत आठ वर्षे काढल्यावर मी रोह्याच्या एका शाळेत संस्कृत शिकवू लागलो आणि निवृत्तीपर्यंत पेण ते रोहा ही वाट एसटीने तुडवली. वडिलोपार्जित पौरोहित्य मात्र सोडले नाही. आमच्या देवघरात पार्थिव गणेशाच्या पूजेची एक हस्तलिखित पद्धती आहे. पणजोबांनी ती बोरूने उतरून घेतली होती. तिच्यात मूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी, म्हणजे नेत्रोन्मीलन, फार विस्ताराने सांगितला आहे. ती पद्धती सटीक संपादित करावी आणि आज मूर्तिकार जे करतात त्याच्याशी ती ताडून पाहावी, असा माझा संकल्प होता.

संकल्प केल्यावर माझ्या ध्यानात एक लाजिरवाणी गोष्ट आली. ज्या गावात बारा महिने गणपती घडतात त्या गावात जन्म घालवून, मूर्तीला डोळे कसे देतात हे मी कधी पाहिलेच नव्हते. आम्हा भटजींची आणि मूर्तीची गाठ पडते ती ती पाटावर बसल्यावर. तोवर तिला डोळे आलेले असतात.

म्हणून मी जवळच्याच हमरापूरच्या एका कारखान्यात जाऊन बसू लागलो. तिथे माझी भेट झाली आखणी करणाऱ्या एका बाईशी. रंगवलेल्या मूर्तीवर बारीक कुंचल्याने भुवया, पापण्या आणि बुबुळे काढणे, याला कारखान्यात आखणी म्हणतात. ते काम सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत सावकाश होते. ही बाई चाळीस वर्षे तेवढेच काम करीत होती. पासष्टीच्या घरातली, कपाळावर गोंदण, कंबरेला पदर खोचलेला. मुलगा डोलवीच्या कंपनीत शिफ्टला जाई. घरी बसून चार घास खायचे सोडून ती रोज कारखान्यात येई, कारण तिच्यासारखा डोळा दुसऱ्या कोणाला साधत नव्हता आणि हे तिलाही ठाऊक होते.

ती बोलायची कुंचला बाजूला ठेवून. कुंचला बुबुळावर असताना ती श्वाससुद्धा घेत नसे. मी विचारीत असे, ती सांगत असे. दृष्टी थोडी खाली का असावी? “पूजेला बसनारा खाली पाटावर बसतो ना? देवानं त्याच्याकरं बघाया नको? भितीकरं बघून काय करनार?” डोळे झालेली मूर्ती भिंतीकडे तोंड करून का ठेवू नये? “तुमाला कुनी डोलं उघरल्या उघरल्या भितीला लावलं तर चालंल काय?” आमच्या पद्धतीतले दोन दुर्बोध श्लोक, ज्यांवर मी एक अख्खा चातुर्मास घालवला होता, तिच्या या उत्तरांनी उलगडले. त्या क्षणी मला पाठशाळेत गुरुजींपुढे बसल्यासारखे वाटले होते, हे मी आज प्रामाणिकपणे नोंदवतो.

एकदा तिने विचारले, “मास्तर, ह्ये सगलं लिवून काय करनार?”

“पुस्तक करणार आहे.”

“त्याच्यात माजं नाव येल?”

“येईल की,” मी म्हणालो.

ती शेजारी सोंड घासत बसलेल्या बाईकडे वळली. “आयकलंस का गो? पाटीवर शेटचं नाव, पावतीवर शेटचं नाव, आनि डोलं माजं. आता पुस्तकात तरी माजं नाव येनार.”

शेजारीण म्हणाली, “येवरी हौस हाय तर गनपतीच्या बुबुलातच सई कर ना गो!”

“केली असती. पन गिऱ्हाइकाला भिंग देवाया लागंल.”

दोघी हसल्या, मीही हसलो. मग तिने माझ्याकडे पाहून, अजिबात न हसता, पुन्हा विचारले, “नक्की ना, मास्तर?” मी मान डोलावली. तिला दुसरे काही नको होते. तिने माझ्याकडून कधी चहासुद्धा घेतला नाही.

ग्रंथ हाताने लिहून झाला. तो टंकलिखित करून घेण्यासाठी मी रोह्याला जाऊ लागलो, कारण तिथे माझी एक जुनी विद्यार्थिनी लग्नपत्रिका आणि दाखले टाइप करण्याचे दुकान चालवते. नवरा कुवेतला असतो. दुकानाच्या भिंतीवर मक्केचे चित्र आहे आणि त्याखाली बसून ती माझे वैदिक स्वर इतके अचूक उमटवी, की पाठशाळेतल्या काही विद्यार्थ्यांची मला कीव यावी. शाळेत तिला संस्कृतात पैकीच्या पैकी गुण असत. आमच्या दोघांतले नाते तेव्हापासूनचे, आणि चुकले की ती मला तोंडावर सांगते.

प्रकाशनसंस्था विद्वन्मान्य होती. विद्यापीठांतून तिची पुस्तके वापरली जातात म्हणूनच मी तिच्याकडे वळलो. आणि इथून शिसारीची कथा सुरू होते.

पहिल्या पत्रात एक प्रश्नावली होती. तिच्यात विचारले होते, या ग्रंथाची बाजारपेठ कोणती आणि स्पर्धक पुस्तके कोणती? मी तो प्रश्न दोनदा वाचून हात धुतले. नेत्रोन्मीलनाला स्पर्धक कोण असणार? विद्यार्थिनीने माझ्यासाठी शांतपणे लिहिले, “संशोधक, पुरोहित, मूर्तिकार व जिज्ञासू वाचक.” आणि म्हणाली, “सर, हे असंच असतं. रागवू नका, पुढचं पान बघा.”

पुढच्या पानावर मंगलाचरण आणि गुरुवंदना काढून टाकण्याची सूचना होती. ग्रंथ परीक्षकांकडे जाईल तेव्हा लेखक कोण हे त्यांना समजू नये, आणि गुरूंच्या नावावरून ते समजेल, असे कारण दिले होते. गुरूला वंदन न करता ग्रंथाचा पहिला शब्द लिहिणे हे आमच्याकडे अंघोळ न करता सोवळ्याला शिवण्यासारखे आहे. तरीही, परीक्षण संपल्यावर ते पान परत घालू असे आश्वासन मिळाल्यावर मी तेही गिळले.

मग आला साम्याचा अहवाल. कुठल्याशा संगणकीय चाळणीतून माझा ग्रंथ घातला गेला होता आणि त्यातला बराच भाग “अन्यत्र प्रकाशित मजकुराशी जुळतो” असे निघाले होते. जुळणारा मजकूर लाल रंगाने माखला होता. मी चष्मा पुसून पाहिले, तर ते सगळे मंत्र होते.

संपादकांना फोन लावला. ते तिशीतले, अत्यंत सभ्य गृहस्थ होते. त्यांच्या सभ्यतेमुळे माझी किळस वाढत असे, कारण तिला चिकटायला जागा सापडत नसे.

“सर, तो लाल भाग थोडा कमी करता आला तर बघा,” ते म्हणाले.

“तो वेद आहे.”

“हो सर, पण सॉफ्टवेअरला ते कळत नाही ना. आशय तोच ठेवून शब्द बदलता येतील का?”

मी फोन विद्यार्थिनीच्या हाती दिला आणि दुकानाबाहेर जाऊन उभा राहिलो. समोरच्या टपरीवर कोणी वडे तळत होते. हजारो वर्षे ज्याची मात्राही हलू दिली नाही, त्याचे शब्द बदलून आशय ठेवायचा! आत ती म्हणत होती, “नाही हो सर, ते अवतरणात टाकते मी. अवतरणं मोजत नाहीत ना? मग झालं तर.” चार मिनिटांत तिने तो प्रश्न सोडवला. माझ्या तोंडाची कडवट चव मात्र घरी जाऊन देवापुढचा प्रसाद खाईपर्यंत गेली नाही.

यानंतर जे पत्र आले त्याने माझा संयम सुटला. क्षेत्रकार्यात ज्यांच्याशी बोललो त्यांची यादी मी आधीच पाठवली होती. तीन नावे होती. पहिली दोन कारखान्यांच्या मालकांची, तिसरे आखणीच्या बाईचे. संपादकांनी कळवले, की ही यादी केवळ कार्यालयासाठी आहे. संस्थेच्या नीतिविषयक धोरणानुसार ग्रंथात व्यक्तींचा उल्लेख क्रमांकानेच होईल. म्हणजे ती झाली ‘माहितीदार क्र. ३’.

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीने रोह्याला गेलो. वडखळला गाडी अर्धा तास कोंडीत अडकली. त्या अर्ध्या तासात मी मनातल्या मनात पत्राची वाक्ये बांधली, आणि ती मला फारच चांगली साधली होती. दुकानात पोचल्याबरोबर उभ्यानेच सांगू लागलो.

“लिही. महोदय, ज्या स्त्रीने चाळीस वर्षे देवाला दृष्टी दिली, तिला आपण क्रमांक देता. कैद्याला क्रमांक असतो, गुरूला नसतो. तिचे नाव माझ्या ग्रंथातून पुसण्याचा अधिकार आपणास कोणी दिला?”

ती लिहीत होती. “पुसण्याचा” या शब्दावर तिची बोटे थांबली.

“सर, एक विचारू?”

“विचार.”

“पुसायला आधी लिहिलेलं लागतं. बाईचं नाव आपल्या पुस्तकात आहे कुठे?”

“म्हणजे काय? पाचवे प्रकरण सगळे तिचेच आहे.”

“तिचं आहे, पण नाव नाय.” तिने माझ्यादेखत संगणकाला संपूर्ण ग्रंथात ते नाव शोधायला लावले. पडद्यावर उत्तर आले, एकही सापडले नाही. मग ती म्हणाली, “सर, टाइप मीच केलंय. दर वेळेला मला वाटायचं विचारावं. तुम्ही सगळीकडे ‘केचित्’ लिहिलंय. केचित् म्हणजे कोण हो, सर?”

जी मुलगी माझ्याकडेच हे शिकली, तिने मला हा प्रश्न विचारला. केचित् म्हणजे ‘काही जण’. आमच्या टीकाग्रंथांतली ही जुनी रीत. ज्या मताला ग्रंथाचा आधार नाही, जे कुणाकडून कानावर आले आहे, ते मांडताना टीकाकार लिहितो, ‘असे काही जण म्हणतात’. दुसरे मत असेल तर लिहितो ‘अपरे’, म्हणजे ‘दुसरे काही’. मी त्या रीतीत वाढलो. लिहिताना हात आपोआप तसा गेला.

इतके स्पष्टीकरण मी तिला दिले. तिने ते आदराने ऐकून घेतले आणि प्रस्तावनेचे पान उघडले. तिथे दोन्ही मालकांची नावे सन्मानपूर्वक घातली होती, त्यांनी मला कारखान्यात बसू दिले म्हणून. त्यापुढे लिहिले होते, ‘व तेथील कारागीर’.

“हे पण रीतीप्रमाणेच का?” तिने विचारले. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरे झाले असते.

मी खुर्चीवर बसलो. आपोआप हात गेला हे खरे नव्हते. पाचवे प्रकरण लिहीत असतानाची एक दुपार मला स्वच्छ आठवत होती. एका ओळीत एका प्राचीन निबंधकाराचे मत होते आणि खालच्या ओळीत हिचे. मी तिचे नाव लिहिले होते. मग ते त्या थोर नावाखाली मला विशोभित दिसले. कारखान्यातल्या, रंगाने हात माखलेल्या बाईचे नाव प्रमाणग्रंथांच्या पंक्तीला कसे बसवायचे, विद्वान काय म्हणतील, असे वाटून मी ते खोडले आणि ‘केचित्’ लिहिले. त्यानंतर पुढे तिचे नाव लिहावेच लागले नाही; प्रत्येक ठिकाणी तोच शब्द सोयीचा पडला. पंक्तिभेद म्हणतात तो हाच. प्रकाशकाने तिला निदान एक क्रमांक दिला होता. मी तोही दिला नव्हता, आणि वर तिला मान डोलावून वचन दिले होते.

महिनाभर ज्याच्या-त्याच्यावर उधळत आलेली ती किळस अखेर जिथे उतरायची तिथे उतरली. मुलीने पाण्याचा पेला पुढे केला. तो मी घेऊन बाजूला ठेवला.

“ते पत्र राहू दे,” मी म्हणालो. “आधी पाचवे प्रकरण उघड.”

दोन दिवस आम्ही एकेक ‘केचित्’ आणि ‘अपरे’ काढून त्या जागी तिचे नाव घातले. एकेचाळीस ठिकाणी ते आले. संपादकांना मी वेगळे, साधे पत्र पाठवले: या व्यक्तीस आपले नाव हवे आहे आणि ते देण्यास मी बांधील आहे, मार्ग सुचवावा. त्यांनी लगेच कळवले, की व्यक्तीने संमतिपत्रावर सही केल्यास नाव ठेवता येईल. इतके ते सोपे होते. मीच विचारले नव्हते.

संमतिपत्राच्या चार प्रती आणि नव्याने छापलेले प्रकरण घेऊन मी हमरापूरला गेलो. हंगाम जवळ आला होता. कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. रंगवलेल्या, अजून डोळे न आलेल्या मूर्ती ओळीने तिची वाट पाहत होत्या. मी तिच्याजवळ गोणपाटावर बसलो आणि जे केले होते ते सांगितले: नाव लिहून खोडले हे, आणि का खोडले हेही.

तिने कुंचला पाण्यात बुडवला. “खोरलं?” ती म्हणाली. आणि जरा थांबून, “माजं नाव वंगाल हाय काय, मास्तर?”

मी पिशवीतून प्रकरणाचे कागद काढले. “वाचा,” ती म्हणाली.

मी ओळ न् ओळ वाचली. ती ऐकत होती आणि शेजारणीही हातातले काम ठेवून ऐकत होत्या. अकराव्या की बाराव्या ठिकाणी तिने हात वर केला.

“थांबा. चेहऱ्यावर वल्लं फरकं ठेवायचं, ह्ये माजं नाय. ह्ये माज्या सासूचं. तिनं काढलेली युक्ती हाय ती.”

ओल्या फडक्याच्या त्या ओळीपुढे मी खूण केली. पुढे पुन्हा हात वर झाला. ग्रंथात मी आधी लिहिले होते, की काही जण डावा डोळा आधी काढतात, दुसरे काही उजवा. आता दोन्ही मते तिच्याच नावावर गेली होती.

“डावा आदी, ह्ये माजं. उजव्या हाताची सावली येत नाय म्हनून. सासू उजवा आदी काढायची. ती डावरी व्हती ना! यावरून आमचं लय वाजायचं. मरेस्तवर वाजलं.”

माझ्या ‘केचित्’ आणि ‘अपरे’ या दोन पक्षांत, ज्यांच्या मतभेदाची मीमांसा मी अडीच पाने केली होती, एकूण दोन बायका होत्या. एक सासू आणि एक सून. एक डावखुरी आणि एक उजवी.

अशी नऊ ठिकाणे निघाली. तिथे तिने आपले नाव काढायला लावले. “तिचं घाला. ती नसती तर मी आज मिठागरात असती. तिचं मी खाल्लं असं व्हईल.” ज्या गुरुपरंपरेचे वंदन प्रकाशकाने काढायला सांगितले म्हणून मला शिसारी आली होती, ती या बाईने एका वाक्यात पाळली.

मृत व्यक्तीची संमती कशी घ्यायची हे विचारायला मी तिथूनच संपादकांना फोन केला. वारसाची सही चालेल, ते म्हणाले. मी दुसरे संमतिपत्र पुढे केले आणि विचारले, “सासूबाईंचे पूर्ण नाव सांगा.”

तिने मान खाली घातली. शेजारणी एकमेकींकडे पाहून हसू लागल्या.

“ती नाय सांगायची,” सोंड घासणारी म्हणाली. “सासूचं नाव तोंडानं कसं घेल? आजून घेतलं नाय कदी.”

“मग तू सांग ना गो!” पलीकडची तिला म्हणाली.

“मना काय म्हायती? आमी आजी म्हनायचो.”

आखणीवालीने माझ्या हातचे पेन घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि परत दिले. मग पाण्यातला बारीक कुंचला उचलला, फडक्यावर टिपला, काळ्या रंगात बुडवला. श्वास रोखून, बुबुळ काढताना धरते तसा हात धरून, तिने त्या छापील रेघेवर सासूचे नाव लिहिले. अक्षरे शाळेत न गेलेल्या हाताची होती; एक वेलांटी उलटी होती. खाली वारस म्हणून आपले लिहिले. नंतर दुसऱ्या कागदावर पुन्हा आपले.

“वालू द्या,” ती म्हणाली. “घरी करू नका लगेच, चिकटंल. आनि सरका जरा, उजेर आरवलाव तुमी.”

मी सरकून दाराशी बसलो आणि रंग वाळेपर्यंत ते दोन कागद घडी न घालता मांडीवर उघडे धरले.

रोह्याला जाऊन दुरुस्त केलेला ग्रंथ अखेर परीक्षणासाठी पाठवला. चार महिन्यांनी परीक्षकाचा अभिप्राय आला. विद्वत्तेची स्तुती होती. एक दोष दाखवला होता: पाचव्या प्रकरणात दोन अशिक्षित स्त्रियांच्या नावांचा अनावश्यक पुनरुच्चार आहे, शास्त्रीय लेखनाच्या संकेताप्रमाणे तेथे ‘काही कारागिरांच्या मते’ असे म्हणणे उचित होईल.

ते वाचून मला जी शिसारी आली तिच्यात परीक्षकाचा वाटा निम्माच होता. वर्षापूर्वी हेच वाक्य मी लिहिले असते, आणि याहून चांगल्या भाषेत.

“सर, काय लिहू उत्तरात?” विद्यार्थिनीने विचारले.

मी सांगितले, “लिही, बत्तीस ठिकाणी सून आणि नऊ ठिकाणी सासू. एकही कमी होणार नाही. ते मान्य नसेल तर ग्रंथ परत पाठवावा.”

संपादकांचे उत्तर तीन दिवसांनी आले. दोन्ही नावे राहतील, असे त्यांनी लिहिले होते. आणि शेवटी, सभ्यपणे, दोघींच्या नावाच्या दोन प्रती कोणत्या पत्त्यावर पाठवायच्या, असे विचारले होते.